चिमट्यानं घेतलेलं सोनं

श्रावणजी कापगत्यांच्या घरी कोणी गेलं की ते 'या' म्हणत नसत, 'बसा'ही म्हणत नसत. ते म्हणत, "हात दाखवा."

आपण हात पुढे करायचे. ते आधी तळवे पाहत, मग हात उलटे करायला सांगत, मग बोटं फाकवून बेचक्या तपासत. हात पाहणारा ज्योतिषीसुद्धा इतका वेळ घेत नाही, आणि तो निदान शेवटी बढतीचा योग तरी सांगतो. कापगते सांगत, "नखं वाढले जी तुमचे. नख म्हनजे बीळ. आत कोन बसून आहे, आपल्याले थोडंच दिसते?" मग व्हरांड्यातल्या बादलीकडे बोट. बादलीशेजारी विटेवर लाल कार्बोलिक साबण, आणि साबणाशेजारी खुद्द कापगते. आपण कोपरापर्यंत फेस काढतो की नाही, यावर त्यांची नजर.

हात धुऊन झाले की पुसायला फडकं मिळत नसे. "फडक्यानं पुसले का धुतलेले फुकट गेले. असेच वर धरून उभे राहा." त्यामुळे भिलाईच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये संध्याकाळी एखादा सभ्य गृहस्थ कापगत्यांच्या व्हरांड्यात दोन्ही हात वर करून उभा दिसला, तर दरोडा पडला असं कोणी समजत नसे.

एवढं सगळं सोसून माणूस आत जायला निघे, तर कापगते दारात आडवे.

"नाही जी. आत नाही."

"मग हात कशाला धुवायला लावले?"

"धुतलेले बरे राह्यते."

मी आता बराच म्हातारा झालो आहे. परवा एका लग्नात जुन्या सेक्टरमधली मंडळी भेटली. कोणाच्या तरी सुनेनं विचारलं, "ते कापगते म्हणजे जातपात पाळणारे, तेच ना? चिमट्यानं सोनं घेणारे?" सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वही घेऊन बसलो. कारण ती गोष्ट पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाली होती. कापगते गेले, सीताबाई गेल्या, ज्यांना मी ती सांगितली त्यातलेही बरेच गेले. गोष्ट तेवढी ठणठणीत आहे. तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकतो.

तेव्हाची भिलाई म्हणजे अर्धी नकाशावर आणि अर्धी धुळीत. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती, पण आजूबाजूला बांधकाम चालूच होतं. धूळ लाल. ती वरणात असे, दुधात असे, पाळण्यातल्या पोराच्या कानात असे. नव्या नवरीचं पांढरं पातळ पहिल्याच धुण्यात गुलाबी होई आणि ती बिचारी सासरचा रंग म्हणून मान्य करी. आमच्या ओळीतले बहुतेक सगळे भंडारा-गोंदियाकडचे. शेती भावाच्या हवाली करून प्लांटमध्ये आलेले. आणि काही आम्ही, बौद्ध दीक्षा घेतलेले. मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो. दीक्षेला फार वर्षं झाली नव्हती. मान नुकतीच ताठ झालेली होती, आणि ती कोणासमोर वाकवायची नाही असं ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर अपमान दिसला नाही तर शोधून काढायचा, असं ते वय होतं.

समोरच्या क्वार्टरात हेडक्लार्क पाठक. नागपूरचे. आजाऱ्याच्या भेटीला जाणं हा त्यांचा छंद. पाठकच कशाला, सगळ्या सेक्टरचाच तो छंद होता. सिनेमा दुर्गला, नाटक वर्षातून एकदा, मग माणसांनी संध्याकाळी करायचं काय? कोणी अंथरुणाला खिळलं की ओळ धरून लोक येत. प्रत्येकजण एक औषध आणि एक मेलेला माणूस घेऊन येई. औषध म्हणजे हळद, कडूनिंब, राख, कोणाच्या तरी भावाला गुण आलेलं तेल. मेलेला माणूस म्हणजे हाच आजार झालेला आणि 'पाहता पाहता' गेलेला. मग जखम उघडून पाहायची, बोटानं दाबून 'दुखते का' विचारायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या घरी जाऊन काय पाहिलं ते सांगायचं.

अशा सेक्टरमध्ये कापगत्यांनी दारात बादली ठेवली. म्हणजे त्यांनी किती जणांच्या पोटावर पाय दिला, याची कल्पना येईल.

कापगते रिगर होते. क्रेननं उचलायच्या लोखंडी तुळयांना वायररोप बांधायचं त्यांचं काम. मोठा आडमाप माणूस, हाताचे पंजे फावड्यासारखे. बायको सीताबाई त्यांच्या खांद्याला लागे. तिच्या कमरेला, लुगड्याची गाठ बसते तिथे, बरीच वर्षं कातडीवर काळा पट्टा पडलेला होता. तसा तो आमच्या आया-मावश्यांच्या सगळ्यांच्याच कमरेला असे. लुगडं काचलं म्हणायचं आणि गाठ आणखी आवळायची. सीताबाईच्या पट्ट्याला एक चीर पडली, ती भरेना, कडा वर आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे. रोज त्याच जागी काच बसून बसून होतो. कापून काढला तर बाई जगेल.

कापून काढला. बाईला भिलाईला आणलं आणि जखम सेप्टिक झाली. ताप, पू, परत नागपूर. पुन्हा कापलं, या खेपेला आणखी रुंद, आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली. निघताना डॉक्टरांनी कापगत्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता पुन्हा पिकली तर शिवायला कातडी उरलेली नाही. जखम कोरडी ठेवा. धुतल्याशिवाय हात लावू नका. कोणी काही सांगेल ते लावू नका. लाल झाली, गरम लागली, ताप आला तर वाट पाहत बसू नका, सरळ घेऊन या."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला दिसत होती ती फक्त बादली.

आणि मच्छरदाणी. कापगत्यांच्या अंगणात भर दुपारी मच्छरदाणी टांगलेली असे. आत खाट नाही, माणूस नाही. आत दोरीवर पांढऱ्या पट्ट्या वाळत. जुनी धोतरं फाडून त्या केलेल्या, पातेल्यात उकळलेल्या. माशी नको, धूळ नको. वाळल्या की कोळशाच्या इस्त्रीनं तापवून डब्यात बंद. पट्टी बदलायला दवाखान्यातून एक मल्याळी सिस्टर येई. "कापडाले मलेरिया होऊन राह्यला," असं लोक म्हणत. कुरुदकडून सायकलवर दूध घेऊन येणारा छत्तीसगढी म्हातारा तेवढा न सांगता हात पुढे करी आणि म्हणे, "ले, देख ले गा, बने धोए हंव." बघ बाबा, चांगले धुतलेत. साऱ्या सेक्टरमध्ये अपमान न वाटलेला तो एकटाच.

स्वतः कापगते व्हरांड्यात झोपत, तिथेच जेवत, आणि बायकोचं ताट दाराशी ठेवून बाजूला होत. बायकोशी बोलायचं ते बंद दारातून, आणि आवाज क्रेनवाल्याला हाका मारून कमावलेला. त्यामुळे सीताबाईला आज तुरीचं वरण हवं की मुगाचं, हे आमच्या ओळीत सगळ्यांना माहीत असे.

आता दसऱ्याची गोष्ट.

दसऱ्याला पाठक सोनं द्यायला निघाले. आम्हाला तो दिवस दीक्षेचा. त्या दिवशी आम्ही खीर करतो आणि शेजारी वाटतो. माझ्या हातात खिरीची वाटी, पाठकांच्या हातात आपट्याची पानं, असे आम्ही योगायोगानं एकाच वेळी कापगत्यांच्या फाटकात पोचलो. कापगते व्हरांड्यात स्टोव्हपाशी. बाह्या वर, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात सांडशी.

"सोनं घ्या, कापगते," पाठक म्हणाले.

कापगते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी चिमटा पुढे केला, पाठकांच्या बोटांतून पान अलगद उचललं आणि कोनाड्यात ठेवलं. "सोन्यासारखे राहा," म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि गरम भांडं उतरवावं तशी माझी वाटी सांडशीनं धरून घेतली.

"लई चांगलं केलं जी. आत तिले देतो."

आम्ही दोघं फाटकाबाहेर येऊन उभे राहिलो. पाठकांचा चेहरा उतरला होता. माझं अंग जळत होतं. माझ्या आजोबांनी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. तेव्हा धार होती, आता सांडशी आली. फरक काय झाला?

पाठक म्हणाले, "चार पिढ्यांचं सोवळं आमच्या घरात. आणि हा शेतकऱ्याचा पोरगा मला चिमटा दाखवतो!"

मी म्हणालो, "तुमाले चिमटा तरी. मले सांडशी."

त्या संध्याकाळी पाठकांनी माझ्या घरी पहिल्यांदा चहा घेतला. त्याआधी ते माझ्याकडे आले की त्या दिवशी नेमका त्यांचा उपास असे. पुढारी मंडळी व्यासपीठावरून ज्या एकोप्याची हाक देऊन थकली होती, तो आमच्या ओळीत कापगत्यांच्या स्वयंपाकघरातल्या दोन हत्यारांनी घडवून आणला. पाठकांचं म्हणणं, कापगते वरच्यांचा द्वेष करतो. माझं म्हणणं, तो खालच्यांचा विटाळ मानतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. अपमान झालेल्या माणसाला असे प्रश्न पडत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी ही गोष्ट सांगायला घेतली. टाइम ऑफिसात, चहाच्या टपरीवर, आमच्या मंडळाच्या बैठकीत. सांगता सांगता सांडशी लांब होत गेली. पाठकांनी आपल्या मंडळात सांगितली, तिथे चिमटा तापलेला होता म्हणे. कापगत्यांकडे जाणं-येणं बंद झालं. कोणी न ठरवता ठरल्यासारखं.

याचा कापगत्यांवर काय परिणाम झाला? ते खूश झाले.

सायकल स्टँडवर मला गाठून म्हणाले, "रामटेकेभाऊ, तुमी येत नाही, पाठकसाहेब येत नाही, लई उपकार झाले जी. भल्ले समजदार लोक आहे आपल्या सेक्टरचे. मी नागपूरवाल्या डॉक्टरले बी सांगतलं, का आमचे शेजारी सोताहून दूर राह्यते."

मी पाठकांना हे सांगितलं. पाठक म्हणाले, "उर्मट. टोमणे मारतोय." मलाही तसंच वाटलं. आपण टाकलेल्या बहिष्काराबद्दल एखादा मनापासून आभार मानत असेल, हे आमच्या हिशेबातच नव्हतं.

दिवाळीनंतर एका रविवारी कापगत्यांची आत्या आली. साकोलीकडची गिरजाआत्या. अंगानं वाळलेली, आवाज मात्र भोंग्यासारखा. पदराच्या गाठीला कुठल्याशा बाबाचा अंगारा. रिक्षातून उतरून ती सरळ दाराशी गेली.

"हात दाखव, आत्या."

"काय दाखवू?"

"हात."

"अरे, या हातानं तुले न्हाऊ घातलं, ढुंगन धुतलं तुहं! तवा पाह्यले होते का हात?"

"तवा मी लहान होतो."

"मंग आता काय कलेक्टर झाला का बे?"

"धू म्हनतो ना मी. अन थो अंगारा बाहेर ठेव. जखमेले काही नाही लावाचं."

आत्या दोन पावलं मागे सरली, फाटकाबाहेर आली आणि भर रस्त्यात बसली. "भाच्यानं मले दारातून हाकललं वं माय! सुनेले पाहू देत नाही वं! काय झालं तिले, जिती आहे का मेली, कोनी सांगा वं!"

रविवार. सगळे घरी. अर्ध्या सेक्टरला आजाऱ्याच्या भेटीचा उपास बरेच दिवस घडत होता. पाहता पाहता फाटकापुढे गर्दी जमली. पाठक धोतराचा सोगा सावरत पुढे आले. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून. अशी संधी दोघांनाही पुन्हा मिळणार नव्हती.

"कापगते," पाठक म्हणाले, "हा काय प्रकार आहे? म्हातारी बाई रस्त्यात बसलीय. आम्ही आजवर गप्प राहिलो. पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

मला तेवढा धीर धरवेना. मी म्हणालो, "सरळ सांगा श्रावणजी. आमचा विटाळ होते का तुमाले? म्हनून खीर सांडशीनं घेतली?"

कापगते माझ्याकडे पाहत राहिले. ते काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत आहेत आणि जुळत नाही, असं ते पाहणं होतं.

"विटाळ? कोनाचा?"

"आमचा."

"अन पाठकसाहेबाचा बी?"

पाठक एकदम म्हणाले, "माझा कसा होईल?" आणि मग सोगा पुन्हा सावरू लागले. हा प्रश्न त्यांच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला होता.

"अजी, सिस्टर यायची वेळ झालती," कापगते म्हणाले. "चिमटा पट्ट्या काढाचा होता. सांडशी पातेल्याची. हात धुऊन बसलो होतो, आता कशाले लावला तर पुन्हा धुवा लागते. सनाच्या दिवशी तुमाले वापस कसं पाठवू? म्हनून घेतलं तसंच." मग आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "विटाळाचं काय घेऊन बसले? मी सोताच आत जात नाही."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "कावून?"

"पहिल्या खेपेले नागपूरहून आनली, तवा चांगली होती थे. मी ड्यूटीवरून आलो. म्हने, लई खाजवून राह्यलं. मी म्हटलं, थांब. हात धुतले. धुतले म्हनजे नळाखाली धरले. वायररोपचं ग्रीस असं जाते का? अन पट्टी सोडून हळद लावली. ह्या हातानं." त्यांनी हात पुढे केले, जसे ते दुसऱ्यांचे बघायचे तसे, उलटे-सुलटे. "मंग ताप आला. पू झाला. डॉक्टर लई तापला, म्हने, जखमेले हात कोनी लावला? तर थे काय म्हनली, माहीत आहे? म्हने, म्याच लावला. माह्यं नाव नाही सांगतलं तिनं. डॉक्टरनं मंग तिलेच झापलं. मी बाजूले उभा होतो."

"सिस्टर म्हनते, 'हाथ धोके जाओ ना अंदर, कुछ नहीं होता.' मले समजते जी. पन पाय नाही उचलत."

एवढ्यात बंद दाराआडून सीताबाईचा आवाज आला, "आत्याले चहा तरी द्या म्हना कोनी! केव्हाची वरडून राह्यली, घसा सुकला असन तिचा!"

गिरजाआत्या उठली. पदराची गाठ सोडून तिनं अंगारा तुळशीच्या कुंडीत ओतला, बादलीपाशी बसली आणि साबण लावू लागली. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. हात हवेत धरून वाळवले. कापगत्यांनी पुढे होऊन दार उघडलं आणि स्वतः बाजूला झाले. आत्या आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "जा जी आता आपापल्या घरी. पाह्यासारखं काही नाही."

आम्ही पांगलो. पाठकांनी जाता जाता मला सांगितलं की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. कसली, ते सांगितलं नाही. मी घरी गेलो. गोष्ट पसरवायला मी घरोघर हिंडलो होतो. ती परत घ्यायला एका घरीही गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन, आणि मग लोकांना ती इतकी आवडली होती की तिला हात लावायची हिंमत झाली नाही. रविवारचं ते बोलणं ऐकणारे थोडे होते, दसऱ्याची गोष्ट ऐकलेले पुष्कळ. जे पुष्कळांना माहीत असतं तेच खरं ठरतं.

जखम भरली. पू नाही, ताप नाही, लावलेली कातडी धरली. सिस्टरनं स्वतःच हे आमच्या ओळीत सांगितलं, आणि मग बादली दारातून निघेल, दार उघडेल, सीताबाई दिसेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. दार उघडलं नाही. बाई तर बरी झाली, मग हा तिला कोंडून का ठेवतो? लोकांना नवा विषय मिळाला.

थंडी पडू लागली होती. एका दुपारी कापगते माझ्या दारात आले. बगलेत कागदाचं पुडकं. 'या' म्हटलं तरी आत येईनात.

"वहिनी आहे का?"

माझी बायको वत्सला बाहेर आली. कापगत्यांनी पुडकं तिच्यापुढे धरलं आणि जमिनीकडे बघत बोलू लागले. इतका वेळ जमिनीशी बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"लुगडं आता तिले जनमभर नाही चालत, वहिनी. डॉक्टरनं सांगतलं, कमरेले काच नाही पाह्यजे. लुगड्यानंच तर झालं हे. म्हनून मी झगा शिवला. माह्या धोतराचा. इथं प्लांटातल्या रशियन साहेबाइच्या बाया घालते ना, तसा. बाजारात एक बाई दिसली, तर शिवन पाह्याले तिच्या मागं मागं फिरलो. तिच्या नवऱ्यानं पाह्यलं, मंग निंघून आलो."

वत्सलानं पदर तोंडाला लावला.

"चांगला ढिला आहे. पन थे म्हनते, ह्या झग्यात मी लोकाइले दिसली तर मरून जाईन. पहिल्याच दिवशी मले शपथ घातली, सिस्टर अन घरची बाई सोडून कोनाले आत सोडू नोको, कोनाले सांगू नोको. म्हनून धुतलेल्या हातावाल्याले बी नाही सोडलं मी. लोक काही म्हनो. हाताचं नाव सांगतलं, का तिचं नाव निंघू नये." त्यांनी पुडकं आणखी पुढे सरकवलं. "आता सिस्टर म्हनते, उन्हात बसव. थे येत नाही. म्हनते, एकटीच बुजगावन्यासारखी दिसन. दुसरी कोनी तसा झगा घालून संगं बसन तर येतो म्हनते. हा एक तुमच्या मापाचा... अंदाजानं शिवला. धोतर माह्यंच आहे, पन उकळून घेतलं."

अख्खा सेक्टर सोडून ते आमच्या दारात आले होते. मी त्यांच्याबद्दल काय काय बोललो होतो, ते त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि मीही कधी काढलं नाही.

वत्सलानं पुडकं सोडलं, झगा अंगाला लावून पाहिला.

"शिवण वाकडी आहे भाऊजी."

"वायररोपची सवय आहे जी हाताले."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी वत्सला तो पांढरा झगा घालून आमच्या दारातून निघाली आणि भर दिवसा रस्ता ओलांडून कापगत्यांच्या अंगणात गेली. पाठक व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली आलं आणि बराच वेळ खालीच राहिलं. पाठकबाई खिडकीत होत्या. पुढे काही वर्षांनी सगळ्या सेक्टरच्या बायका दिवसभर गाऊनमध्ये वावरू लागल्या, पाठकबाईसुद्धा. पण त्या दिवशी आमच्या ओळीत असं दृश्य दिसलं की एखाद्या बाईनं साडी नेसायची विसरून घर सोडलं आहे.

कापगत्यांचं दार उघडलं. सीताबाई चौकट धरून उभी. अंगावर तसाच झगा, एक बाही लांब, एक आखूड. तिनं वत्सलाकडे पाहिलं, वत्सलानं तिच्याकडे. मग वत्सला तिचा हात धरून तिला खाटेपर्यंत घेऊन आली आणि दोघी उन्हात बसल्या.

मी आणि कापगते फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होतो. ते अंगणाकडे पाठ करून.

"बसली का?"

"बसली."

"कोनी पाहून राह्यलं का?"

"सगळेच पाहून राह्यले."

"मंग?"

"मंग काही नाही. बसली आहे."

मागे वत्सला काहीतरी म्हणाली. बहुधा बाह्यांबद्दल. आणि सीताबाई हसली. आधी दबकत, तोंडावर हात घेऊन, आणि मग हात काढून, मोठ्यानं. इतक्या महिन्यांत त्या घरातून तो आवाज आला नव्हता.

कापगते हलले नाहीत. "हासून राह्यली का थे?"

"हो. तुमीच पाहा ना वळून."

"नाही जी. मी पाह्यलं का थांबन थे."

त्याच वेळी शिफ्ट सुटली होती. रस्त्याच्या टोकाला सायकली दिसू लागल्या. एक, दोन, मग सगळा रस्ता भरून, घंट्या वाजवत, एकमेकांना हाका मारत, रोजच्यासारखा तो लोंढा आमच्याकडे येऊ लागला. कापगत्यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आपले ते फावड्यासारखे दोन्ही हात पसरून, आणि प्लांटमधून सुटलेल्या अख्ख्या शिफ्टला हळू आवाजात सांगू लागले, "घंटी नोको जी, घंटी नोको... जरा उतरून जा... थोडा वेळ पायी जा."